एका बुलेटच्या पैशात सहा मनमाड-इंदूर? हिशोब तेवढा सोपा नाही भो

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत बुलेट ट्रेनवरून राडा. सुरतेतला मावसभाऊ पुलांचे ड्रोनवाले व्हिडिओ टाकतो आणि इकडून खानदेशातून काका लगेच, "तुमनी बुलेट ऱ्हाऊ द्या, आठे पॅसेंजरमां बठाले जागा नही शे." मग दोन दिवस गुड मॉर्निंग पण बंद.

खरं सांगू, मी आधी काकांच्याच पार्टीत होतो. हिशोब तोंडपाठ होता. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटर, २०१७ ला भूमिपूजन झालं तेव्हाचा खर्च १ लाख ८ हजार कोटी. आणि आपली मनमाड-इंदूर, मालेगाव, धुळे, नरडाणा, शिरपूर, सेंधवा करत जाणारी ३०९ किलोमीटरची लाईन, १८,०३६ कोटी. म्हणजे एका बुलेटमध्ये अशा सहा लायनी बसतात, झालं, विषय संपला.

पण तो संपत नाही ना. बुलेटचे ८१ टक्के पैसे जपानचं कर्ज आहे, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत आणि पहिली १५ वर्षं हप्ताच नाही. ते पैसे त्याच कामासाठी दिलेले, बुलेट रद्द केली म्हणून काही ते धुळ्याला येणार नव्हते. (कर्ज येनमध्ये आहे, उद्या येन महागला तर फेडताना कोणाच्या खिशाला चाट बसेल हा प्रश्न आहेच, फुकट कोणी काही देत नाही.) महाराष्ट्राच्या वाट्याचे ५ हजार कोटी मात्र आपल्याच तिजोरीतले, आणि त्यातून राज्यात स्टेशनं किती, तर चार. बीकेसी, ठाणे, विरार, बोईसर. मुंबई-नागपूर हायस्पीडचा जो प्रस्ताव आहे तो पण नाशिक, संभाजीनगर, जालन्याकडून, म्हणजे समृद्धीसारखाच आपल्याला वळसा घालून.

तरी माझा राग बुलेटवर नाहीये. रूळ वाढले की काय फरक पडतो ते आपण बघितलंय, उधना-जळगाव सिंगल होती तेव्हा दोंडाईचा नाहीतर अमळनेरला क्रॉसिंगसाठी गाडी उभी, समोरची निघेपर्यंत लोक खाली उतरून भेळ खाऊन यायचे. डबल झाली आणि ते गेलं.

राग आहे तो पैसे यायच्या पद्धतीवर. बुलेटसाठी २०१६ मध्येच वेगळी कंपनी काढली, कर्जाचे करार झाले, आता किती खांब झाले किती पूल झाले ते घरबसल्या बघा. आणि आपल्यासारख्यांच्या लायनी दरवर्षीच्या बजेटच्या भरवशावर. रेल्वेच्या पिंक बुकात, म्हणजे कुठल्या कामाला किती पैसे ते लिहिलेल्या बजेटच्या पुस्तकात, कितीतरी प्रोजेक्टांपुढे १ हजार रुपये तरतूद असते, हो, हजार, कोटी नाही, फाईल जिवंत राहावी म्हणून टोकन. हजार रुपयांत आमच्याकडे लग्नाचा आहेर पण धड होत नाही.

मनमाड-इंदूरला २ सप्टेंबर २०२४ ला कॅबिनेटची मंजुरी मिळाली, २०२८-२९ पर्यंत पूर्ण करू म्हणालेत, ३० नवीन स्टेशनं. चांगलंच आहे. पण कित्येक वर्षं सर्वे आणि निवडणुका बघितलेला माणूस लगेच पेढे वाटत नाही. मला हवं ते एवढंच की या लाईनचे पैसे पण बुलेटसारखे बांधून ठेवा, वर्षाच्या वर्षी मागायला लावू नका, आणि काम किती झालं ते दर महिन्याला दाखवा. ड्रोन आमच्याकडेही उडतो.

काकांना हे सांगितलं तर म्हणाले, तू पण त्यांचाच झाला. मावसभाऊ म्हणे, तू विकासविरोधी. घ्या.

कधी धुळे स्टेशनला गेलात तर चाळीसगावहून येणारी मेमू बघा. गाडी थांबते, पुढे रूळच संपलेले. ड्रायव्हर बॅग उचलून खाली उतरतो आणि प्लॅटफॉर्मवरून चालत मागच्या टोकाला जातो, तिकडची केबिन उघडतो, आणि आली त्याच वाटेने गाडी परत चाळीसगावला.