‘माझ्याशिवाय कोणी नाही’ असं बाबेल नगरीही म्हणते : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही स्वतंत्र टाकतो आहे. ती ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘बायबलचा जुना करार दुसऱ्या देवांचं अस्तित्व सरसकट नाकारत नाही’ या माझ्या लेखावर तुमचे चार आक्षेप आहेत. यशया ४५:५ मध्ये (म्हणजे जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायातली पाचवी ओवी) ‘मी परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही’ असं स्वच्छ लिहिलेलं असताना बाकीचा खटाटोप कशाला, हा पहिला. स्तोत्र ८२ मधले ‘देव’ म्हणजे माणसं, न्यायाधीश, हा दुसरा. ‘अनुवाद’ या जुन्या करारातल्या पुस्तकात ३२:८ मधला ‘देवपुत्र’ हा पाठ मी सोयीने उचलला, हा तिसरा. आणि कोकणातले बेने इस्राएल (मराठी ज्यू) बाकी हिब्रू विसरले तरी शेमा ही प्रार्थना विसरले नाहीत, त्या शेमातच ‘परमेश्वर एक’ आहे, मग वाद उरतोच कुठे, हा चौथा.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात तुमचं अर्धं बरोबर आहे.

अनुवाद ३२:८ चा आशय असा: परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटून दिली, तेव्हा लोकांच्या सीमा ‘अमुकांच्या’ संख्येप्रमाणे ठरवल्या. हे ‘अमुक’ कोण, एवढाच प्रश्न. आज छापल्या जाणाऱ्या हिब्रू बायबलचा आधार असलेल्या मॅसोरेटिक पाठात ‘इस्राएलाचे पुत्र’ आहे. या परंपरेतली संपूर्ण बायबलची सर्वांत जुनी पोथी, लेनिनग्राड कोडेक्स, इ.स. १००८ च्या सुमाराची. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत अनुवादाच्या एका प्रतीचे तुकडे सापडले. ती प्रत लेनिनग्राड कोडेक्सपेक्षा साधारण हजार वर्षांनी जुनी, आणि तिच्यात ‘बने एलोहीम’ म्हणजे ‘देवाचे पुत्र’ असं आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या बहुतेक हस्तलिखितांत ‘देवाचे दूत’ आहे, पण एका फार जुन्या पपायरसात तिथेही ‘देवाचे पुत्र’च दिसतं.

जुनी प्रत म्हणजे खरी प्रत, असं मात्र धरून चालत नाही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे सांगायला नको. विचारायचं ते असं की कोणत्या पाठातून दुसरा पाठ उगवण्याची शक्यता जास्त? ‘इस्राएल’ आणि ‘एलोहीम’ हे शब्द नजरचुकीने एकमेकांच्या जागी पडण्याइतके सारखे नाहीत, म्हणजे बदल कोणीतरी विचारपूर्वक केला आहे. ‘इस्राएलाचे पुत्र’ असं निरुपद्रवी वाचन बदलून कोणी मुद्दाम ‘देवाचे पुत्र’ करील, याला कारण सापडत नाही. ‘देवाचे पुत्र’ बदलून ‘इस्राएलाचे पुत्र’ करायला मात्र कारण उघड आहे: दुसऱ्या देवांचा उल्लेख खटकणारा. शिवाय राष्ट्रांची वाटणी उत्पत्तीच्या १० व्या-११ व्या अध्यायातली, तेव्हा याकोब, म्हणजे ज्याला पुढे इस्राएल हे नाव मिळालं तो, जन्मालाही आलेला नव्हता. मॅसोरेटिक पाठाच्या बाजूने एक चांगला युक्तिवाद आहे, तो लपवत नाही: उत्पत्ती १० मधली राष्ट्रं मोजली तर ७०, आणि मिसरात गेलेलं याकोबाचं कुटुंबही ७०. पण सीरियातल्या उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्यांवर अथिरात देवीचे पुत्रही ७०च आहेत. त्यामुळे हा आकडा कोणत्याच एका बाजूचा साक्षीदार होत नाही.

तर ‘देवपुत्र’ हा पाठ सोयीने घेतलेला नाही. तुमचं खरं आहे ते पुढच्या ओळीबद्दल. नवव्या ओवीत ‘याहवेचा वाटा म्हणजे त्याचे लोक’ असं येतं. (याहवे हे इस्राएलच्या देवाचं विशेषनाम, मराठी बायबलात तिथे ‘परमेश्वर’ असतं.) त्यावरून मी लिहिलं होतं की इथे याहवे हा परात्पराच्या अनेक पुत्रांपैकी एक आहे. काही अभ्यासक असं मानतात, पण मी ते सिद्ध झाल्यासारखं लिहिलं, ती चूक. याच गीताच्या सहाव्या ओवीत याहवेलाच ‘तुझा बाप, तुला घडवणारा’ म्हटलं आहे. म्हणजे हे गीत आज ज्या रूपात आहे त्या रूपात परात्पर आणि याहवे एकच ठरतात. इतरांना राष्ट्रं दिली, इस्राएल स्वतःकडे ठेवलं, असा अर्थ सरळ लागतो. मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त करतो.

आता स्तोत्र ८२. ‘एलोहीम’ हा हिब्रू शब्द ‘देव’ असा एकवचनीही चालतो आणि अनेकवचनीही. त्याचा अर्थ न्यायाधीश, ही वाट तुमची एकट्याची नव्हे. निर्गम २१:६ मध्ये गुलामाला ‘एलोहीमसमोर’ न्यायचं, तिथे तारगुम या जुन्या अरामी भाषांतरानेही न्यायाधीशच केलं आहे. पण हा अर्थ स्तोत्रात बसवून पाहा. पहिल्या ओवीत एलोहीम देवसभेत उभा राहतो आणि ‘एलोहीमांच्या मध्ये’ न्याय करतो. पहिल्या एलोहीमचं क्रियापद एकवचनी. दुसऱ्याच्या आधी ‘मध्ये’ आहे, म्हणून तो अनेकवचनी घ्यावाच लागतो. सहाव्यात तो म्हणतो, तुम्ही देव आहात, सगळे परात्पराचे पुत्र. सातवीत शिक्षा: ‘तरी तुम्ही माणसांसारखे मराल.’ समोर माणसंच बसली असतील तर ही शिक्षा कसली? ती तर मरणारच होती. आणि शेवटी, आठव्या ओवीत, ‘ऊठ, पृथ्वीचा न्याय कर, कारण सर्व राष्ट्रं तुझं वतन होतील.’ अनुवाद ३२ मध्ये जे वाटून दिलं होतं ते इथे परत घेतलं जातं आहे. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचले की हे दिसतं, सुटे वाचले की निसटतं.

स्तोत्र ८९:६-७ ने न्यायाधीशांचा अर्थ आणखी अवघड होतो. तिथे देवपुत्रांची तुलना ‘आकाशात’ चालली आहे, आणि न्यायाधीश काही ढगांत बसत नाहीत. (हिब्रू प्रत उघडून तपासणार असाल तर ओवी एक पुढे शोधा, तिथे ती ८९:७-८ आहे. बऱ्याच स्तोत्रांत हिब्रूमध्ये मथळा ही पहिली ओवी धरतात, मराठीत धरत नाहीत. संदर्भ जुळत नाही म्हणून अर्धे वाद इथेच पेटतात.)

मराठी वाचकाची खरी अडचण मात्र पाठभेदात नाही, ‘परमेश्वर’ या शब्दात आहे. हिब्रूत जिथे चार अक्षरी विशेषनाम आहे, याहवे, तिथे मराठी भाषांतर ‘परमेश्वर’ म्हणतं. त्या नावाचा उच्चार टाळण्याची ज्यू प्रथा फार जुनी आहे, तेव्हा भाषांतरकारांना दोष नाही. पण परिणाम असा होतो की नाव जाऊन पदवी येते, आणि ‘परम-ईश्वर’ म्हटल्याबरोबर स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच निकाल लागतो. शास्ते ११:२४ घ्या. इस्राएलचा सेनानायक इफ्ताह अम्मोनच्या राजाला कळवतो: तुझा देव कमोश तुला जे देतो ते तू घेतोस ना? मग आमचा देव याहवे ज्यांना आमच्यापुढून हाकलतो त्यांची जमीन आम्ही घेऊ. कमोश आणि याहवे अशी दोन नावं शेजारी आली की वाक्य सरहद्दीच्या भांडणासारखं वाचलं जातं. ‘कमोश’ आणि ‘परमेश्वर’ असं लिहिलं की एक बाजू आपोआप खोटी पडते. एखादा अध्याय घेऊन प्रत्येक ‘परमेश्वर’च्या जागी पेन्सिलीने ‘याहवे’ लिहा आणि पुन्हा वाचा. निर्गम १५:११ चं ‘देवांमध्ये तुझ्यासारखा कोण?’ वेगळंच ऐकू येतं.

इथे एक सावधगिरी, आणि तुमच्या बाजूचीच. इफ्ताहाचं वाक्य हे इफ्ताहाचं आहे, ग्रंथकर्त्याचं नव्हे. तो वाटाघाटी करतो आहे, समोरच्याच्या श्रद्धेच्या भाषेत बोलतो आहे. शिवाय कमोश हा मवाबचा देव, अम्मोनचा मिलकोम. म्हणजे मजकुरातही काहीतरी गुंता आहे. म्हणून ही ओवी पुरावा म्हणून कच्ची. तिच्यापेक्षा २ राजे ३:२७ जड आहे, कारण तिथे निवेदक स्वतः बोलतो. मवाबचा राजा मेशा वेढ्यात सापडतो, थोरल्या मुलाचा तटावर होम करतो, आणि ‘इस्राएलावर मोठा कोप झाला’, सैन्य माघारी फिरतं. कोप कोणाचा, हे लिहिलेलं नाही. पण मेशाचा स्वतःचा शिलालेखही आपल्यापाशी आहे. तो १८६८ साली धिबान इथे सापडला, आता पॅरिसला लूव्र संग्रहालयात आहे. त्यात मेशा म्हणतो की कमोश आपल्या देशावर रागावला होता म्हणून इस्राएलच्या अम्रीने मवाबला छळलं. देवाच्या रागाने पराभव होतो, ही समजूत सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होती.

आता यशया, तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. ‘दुसरा कोणी नाही’ हे वाक्य अस्तित्वाबद्दल आहे की बरोबरीबद्दल? याच ग्रंथात, दोनच अध्याय पुढे, ४७:८ मध्ये बाबेल (बॅबिलॉन) नगरी मनात म्हणते: ‘मीच आहे, माझ्याशिवाय कोणी नाही.’ सफन्या २:१५ मध्ये निनवेही तेच म्हणते. हिब्रू शब्द ४५:५ पेक्षा किंचित वेगळे आहेत, पण घडण तीच. जगात दुसरं शहरच नाही असं बाबेलला म्हणायचं नव्हतं. माझ्या तोडीचं कोणी नाही, असं म्हणायचं होतं. ४६:९ तर स्वतःच खुलासा करतं: ‘मी देव आहे, दुसरा नाही, माझ्यासारखा कोणी नाही.’ म्हणून एकट्या ४५:५ वर संपूर्ण नकाराची इमारत उभी राहत नाही.

तरीही यशयाचा हा भाग मी बाकीच्यांच्या रांगेत बसवणार नाही. ४०व्या अध्यायापासून ५५व्यापर्यंतचा मजकूर बाबेलच्या बंदिवासाच्या शेवटाकडचा आहे. पारसच्या कोरेश राजाचं नाव ४४:२८ आणि ४५:१ मध्ये येतं, आणि त्याने बाबेल घेतलं ते इ.स.पू. ५३९ मध्ये. मंदिर पडलेलं, राजा गेलेला, लोक परक्या देशात. अशा वेळी ‘आमचा देव आमच्या सीमेपुरता’ म्हणणं म्हणजे तो हरला हे कबूल करणं. म्हणून इथला युक्तिवाद पूर्वीच्या कोणाहीपेक्षा पुढे जातो. ४१व्या अध्यायात इतर देवांना खटल्यात उभं करून ‘तुम्ही शून्याहूनही कमी’ म्हटलं आहे. ४३:१० मध्ये ‘माझ्यापूर्वी कोणी देव घडला नाही, माझ्यानंतर होणार नाही’. ४४व्यात मूर्तिकार एकाच झाडाच्या अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करतो. आपल्याला कडक एकेश्वरवाद म्हणून जे ठाऊक आहे, त्याच्या सर्वांत जवळ जुना करार इथे येतो. फक्त त्यावरून मागे जाऊन निर्गम आणि अनुवाद वाचू नका. निर्गम २०:३ मधलं ‘माझ्यासमोर दुसरे देव नसावेत’ ही निष्ठेची आज्ञा आहे. देव किती, याची ती गणती नाही.

इतर देवांचं पुढे काय झालं, हे मला जास्त रंजक वाटतं, आणि त्यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत. ते नाहीसे झाले नाहीत, त्यांची बढती काढून घेतली गेली. अनुवाद ३२:१७ मध्ये लोकांनी ‘शेदीम’ना बळी दिले असं येतं. अक्कादी भाषेत ‘शेदु’ म्हणजे राखण करणारी शक्ती. हिब्रूत तोच शब्द पिशाच्च झाला. ग्रीक भाषांतराने तिथे ‘दैमोनिया’ केलं, आणि नव्या करारात पौलाने १ करिंथ १०:२० मध्ये तेच उचललं. याच पौलाने दोन अध्याय आधी, ८:५-६ मध्ये, ‘देव पुष्कळ आणि प्रभू पुष्कळ’ असले तरी ‘आपल्याला’ एकच देव, असं लिहिलं आहे. गोव्यातल्या वाचकांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. तिथल्या हिंदूंचा ‘देवचार’ हा गावाचा राखणदार, आणि ख्रिस्ती कोंकणीत तोच शब्द सैतानासाठी.

कुराणाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलं आहे, तेवढंच उत्तर देतो. ५३:१९-२३ मध्ये लात, उज्जा आणि मनात या तीन अरब देवी म्हणजे ‘तुम्ही आणि तुमच्या वाडवडिलांनी ठेवलेली नुसती नावं’ आहेत. इतका सरळ नकार यशयातही सापडणं कठीण. पण ३४:४१ मध्ये फरिश्ते म्हणतात की हे लोक जिन्नांची पूजा करत होते. म्हणजे देवपण खोटं, तरी पूजेच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हतं असं नाही.

राहिली शेमा. हिब्रूत ती सहा शब्दांची: शेमा इस्राएल, याहवे एलोहेनू, याहवे एखाद. शेवटच्या चार शब्दांत क्रियापदच नाही. म्हणून ‘याहवे आमचा देव, याहवे एक’ असंही लागतं आणि ‘याहवे आमचा देव, याहवे एकटाच’ असंही. पहिलं त्याच्या स्वरूपाबद्दल, दुसरं आमच्या निष्ठेबद्दल; लगेच पुढची ओवी ‘त्याच्यावर संपूर्ण मनाने प्रेम कर’ अशी असल्याने माझा कल दुसऱ्याकडे आहे. अलिबाग-पेणच्या बेने इस्राएल घरांत पिढ्यानपिढ्या ती कोणत्या अर्थाने म्हटली गेली, हे यावरून ठरत नाही, आणि ते ठरवायचा अधिकार मला नाही. फक्त जखऱ्या १४:९ एकदा पाहा: ‘त्या दिवशी याहवे एक असेल आणि त्याचं नाव एक असेल.’ तिथेही शब्द तोच आहे, एखाद, आणि क्रियापद भविष्यकाळी.