सुरुवात पांढऱ्या ओकपासून

सूनबाईंचं माहेर अमेरिकेतल्या केंटकीचं. ‘बाबांना जमिनीचे कागद कळतात’ एवढ्या भांडवलावर त्यांच्या मूळपुरुषाचा शोध माझ्या गळ्यात पडला. सातबारा, फेरफार, वारसनोंद यांत केस पांढरे केलेल्या माणसाला केंटकी ती काय, असं मलाही वाटलं होतं. पण आपला तलाठी चहाला गेला तरी परत येतो. 1780 चा कारकून गेला तो गेलाच, आणि जाताना अक्षर तेवढं ठेवून गेला.

जनगणनेच्या नादी लागू नये. केंटकीचे 1790 आणि 1800 चे तक्ते शिल्लकच नाहीत. पुढेही 1840 पर्यंत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बायकोमुलं वयोगटाच्या रकान्यात आकडे होऊन बसलेली. म्हणून जमिनीचे कागद धरायचे. तिथला माणूस पत्र लिहीत नसेल, पण जमीन सोडत नसे.

केंटकी 1792 पर्यंत व्हर्जिनियात होतं. व्हर्जिनियाच्या 1779 च्या कायद्यानं एका तुकड्यामागे चार कागद होतात. वॉरंट, म्हणजे इतके एकर घेण्याचा हक्क. कुठले, ते तुमचं तुम्ही बघा. एंट्री, म्हणजे ‘ही जागा माझी’ अशी मोजणीदाराच्या वहीतली नोंद. मग सर्व्हे, म्हणजे मोजणी. शेवटी ग्रँट, म्हणजे सनद. आधी तिथे कोणी नोंद केली आहे का, हे नीट पाहायची पद्धत नसल्यानं एकाच टेकडीवर तिघांच्या सनदा, कौलांसारख्या एकावर एक. डॅनियल बूनसारख्या नामांकित वाटाड्याच्याही जमिनी कागदांच्या घोळात गेल्या आणि तो 1799 मध्ये मिसुरीकडे निघून गेला.

यातला प्रत्येक टप्पा विकता येई. सूचीत मात्र बहुधा सनदवाल्याचंच नाव. सनदेत ‘अमुक, तमुकाचा असाइनी’, म्हणजे तमुकाकडून हक्क घेणारा, असं लिहिलेलं असतं आणि नेमका आपला माणूस तो तमुक. म्हणजे सूचीत नाही म्हणून नव्हताच, असं धरायचं नाही. चारही कागद मागवायचे.

आडनावाचं स्पेलिंग हा कारकुनाच्या कानाचा प्रश्न. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या आजोबांनी, त्यांचंही नाव अब्राहमच, 1780 मध्ये 160 पौंड भरून 400 एकरांचं वॉरंट घेतलं. त्यावर नाव ‘लिंकहॉर्न’. ‘लिंकन’ म्हणून शोधलं तर लिंकन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) हाती लागते, आणि ती भलत्याच बेंजामिन लिंकन नावाच्या सेनापतीची. 1780 मध्येच केंटकी काउंटीच्या जेफरसन, फेएट आणि लिंकन अशा तीन झाल्या, पुढे त्यांची आणखी पिलावळ. घर जागचं हललं नाही तरी काउंटी तीनदा बदलते. आधी त्या सालचा काउंटीचा नकाशा, मग दप्तर.

मोजणीचा कागद हाती आला की वरचा मजकूर राहू द्या, खाली बघा. तिथे ‘सी.सी.’ लिहून दोन नावं असतात. सी.सी. म्हणजे चेन कॅरिअर, साखळी धरणारे. कार्बन कॉपी नव्हे. रानात साखळी ओढायला भाऊ, मेहुणा नाहीतर शेजारीच येणार. आजोबा लिंकन यांच्या 1785 च्या मोजणीत साखळीला दोघेही लिंकनच आणि खुणा करायला स्वतः आजोबा. चार ओळींत अख्खी भावकी!

आता वरचा मजकूर. ‘पांढऱ्या ओकपासून सुरुवात करून उत्तर 40 पूर्व 200 पोल, दोन बीच झाडांपर्यंत...’ उत्तर 40 पूर्व म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे 40 अंश. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमाच, फक्त झाडं मेलेली. पोल म्हणजे साडेसोळा फूट. चार पोलांची 66 फुटी साखळी. आपल्या गुंठ्याची बाजू 33 फूट, म्हणजे बरोबर अर्धी साखळी, हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. 160 चौरस पोलांचा एकर.

कोनमापक घेऊन आकृती काढायची. 1:24000 च्या नकाशावर एक इंच म्हणजे 2000 फूट, साधारण 121 पोल. शेवटची रेघ परत ओकपाशी यायला हवी. येत नाही. नकलनवीसानं एखादी बाजू गाळलेली असते किंवा पूर्वेचं पश्चिम केलेलं असतं. एकेका बाजूची दिशा उलटून पाहायची. कधीतरी आकृती बंद होते आणि आपण घरात एकटेच टाळी वाजवतो. मग तिला काही अंश फिरवायचं, कारण तेव्हाचा कंपास आणि आजचा नकाशा यांचं उत्तरेबाबत एकमत नाही. ‘लाँग रनच्या पाण्यावर’ म्हणजे ओढ्याकाठी नव्हे, त्या ओढ्याच्या पाणलोटात कुठेही. यात माझे दोन रविवार गेले.

मृत्युपत्र असलंच तर त्यात ‘माझी प्रिय पत्नी’ असते. नाव काय ते प्रियकरालाच ठाऊक. थोरल्याला एक शिलिंग दिसला की भांडण झालं असं समजू नये, त्याला बहुधा आधीच वाटा मिळालेला असतो. ‘सन-इन-लॉ’ कधी जावई, कधी सावत्र मुलगा. लिंकन आजोबा तर 1786 मध्ये मृत्युपत्र न करताच मारले गेले. थोरल्यालाच सगळी जमीन हा नियम गेला तो 1787 च्या 1 जानेवारीपासून, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर; त्यामुळे सगळं थोरल्या मॉर्डेकायला आणि धाकट्या थॉमसला, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांना, काही नाही.

मृत्युपत्र नसेल तर प्रशासकाचा, म्हणजे मयताची मालमत्ता निस्तरायला कोर्टानं नेमलेल्या माणसाचा, बाँड पाहायचा. जामीनदारांत बायकोचे भाऊ सापडतात. वारसांचं एकत्र विक्रीखत वीस वर्षांनीही होतं, धाकटा 21 चा झाला किंवा आई गेली की. त्यात जावयांसकट सगळे. पण सूचीत पहिल्या वारसाचं नाव ‘व इतर’. आपले कायम इतरांत.

शेवटी लिलावाची यादी. कर्ज फेडायला घरातलं सामान विकत आणि कोणी काय किती शिलिंगला घेतलं ते लिहून ठेवत. आमच्या यादीत पहिली बोली विधवेची: एक चरखा, एक लोखंडी भांडं. स्वतःचंच भांडं! नावाच्या जागी फक्त ‘विडो’.

सूनबाईंना फोन करायचाय. आजींचं भांडं सापडलं, आजी अजून नाहीत.