नव्वद नावं म्हणजे दुसरी फळी नव्हे

दर ऑगस्टमध्ये एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, चाहत्यांत एक दावा फिरू लागतो. संघाचं नाव बदलतं, मजकूर तोच: "आपली दुसरी फळी भक्कम आहे. कॅम्पमध्ये नव्वद खेळाडू आहेत, डेप्थ चार्टवर प्रत्येक जागेला तीन-तीन नावं आहेत, प्रीसीझनचे सामने आपण जिंकतोय. कोणी जायबंदी झालाच तर कटडाउनच्या दिवशी हजारभर खेळाडू मोकळे होतात, त्यातला एक उचलायचा. ईगल्स नाही का राखीव क्वार्टरबॅकवर सुपर बोल जिंकले? नेक्स्ट मॅन अप!" (कॅम्प म्हणजे हंगामाआधीचं सराव शिबिर, डेप्थ चार्ट म्हणजे कोणत्या जागी कोण पहिला आणि कोण राखीव याची यादी, प्रीसीझन म्हणजे हंगामाआधीचे सराव सामने, कटडाउन म्हणजे ऑगस्टअखेरची खेळाडूंची कपात, क्वार्टरबॅक म्हणजे पास टाकून चढाई चालवणारा, सुपर बोल म्हणजे अंतिम सामना, 'नेक्स्ट मॅन अप' म्हणजे एक गेला की पुढचा उभा.) यातलं एकेक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून तर ते इतकं फिरतं.

नव्वदपासून सुरुवात करू. ही लीगने घालून दिलेली कमाल मर्यादा आहे आणि बत्तीसही संघ ती जवळपास भरूनच कॅम्पला येतात. त्यात आपलं वेगळं काही नाही. एवढी माणसं लागतात ती मुख्यतः स्टार्टर, म्हणजे पहिल्या पसंतीच्या, मंडळींचे पाय वाचवायला. तीन गट आलटून-पालटून उतरले नाहीत तर पहिल्या गटातल्या रिसीव्हरांच्या (पास झेलणाऱ्यांच्या) मांड्या ऑगस्टमध्येच धरतात. निव्वळ सरावात चेंडू फेकायला आणलेल्या क्वार्टरबॅकला तिकडे 'कॅम्प आर्म' म्हणतात. अशा भरतीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: खोगीरभरती. ऑगस्टअखेर नव्वदचे ५३ होतात, प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे सरावापुरत्या ठेवलेल्या ताफ्यात, १६ जागा असतात. त्या सगळ्या आपल्याच खेळाडूंनी भरल्या तरी २१ जण घरी जातात.

आणि ५३ हाही शेवटचा आकडा नाही. सामन्याच्या दिवशी ४८ जणच उतरू शकतात, तेही त्यांत किमान आठ ऑफेन्सिव्ह लाईनमन (चढाईत क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणारे: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, कडांना टॅकल) असतील तर. आठ नसतील तर ४७. प्रॅक्टिस स्क्वॉडवरून एका सामन्यापुरते दोघे वर घेता येतात, पण एका खेळाडूला नियमित हंगामात तीनदाच. चौथ्यांदा तो हवा असेल तर त्याला ५३ मध्ये कायमची जागा करून द्यावी लागते, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी नारळ. आयपीएलमध्ये ताफ्यात आठ परदेशी असले तरी अकरात चारच खेळतात, तसाच हा प्रकार.

म्हणून दुसरी फळी मोजायची ती ४८ मध्ये. त्यांतून २२ स्टार्टर (चढाईचे अकरा, बचावाचे अकरा) आणि किकर, पंटर (चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडणारा), लाँग स्नॅपर (त्यांच्यासाठी चेंडू मागे टाकणारा) हे तिघे वजा करा. उरले २३. त्यांत एक राखीव क्वार्टरबॅक, जो बहुतेक रविवारी टोपी घालून बाजूला उभा असतो. तीन राखीव लाईनमन. आता उरले १९. क्वार्टरबॅक आणि लाईनच्या पाच जागा सोडल्या तर बाकीच्या १६ जागांना राखीव म्हणून एवढेच. नव्वदचा खरा अर्थ हा १९ आहे.

बरं, हे एकोणीस काही बाकावर बसून नसतात. किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) आणि त्याचा रिटर्न (आलेला चेंडू घेऊन परत धावणं), पंट आणि त्याचा रिटर्न, फील्ड गोल आणि त्याची अडवणूक अशा सहा तुकड्या, म्हणजेच स्पेशल टीम्स, बहुतांशी यांच्याच खांद्यावर चालतात. पंटची तुकडी घ्या: लाँग स्नॅपर, पंटर, पंटरपुढचा पर्सनल प्रोटेक्टर, दोन गार्ड, दोन टॅकल, दोन विंग, कडेने धावत जाणारे दोन गनर. अकरांपैकी पहिले दोघे सोडले तर बाकी नऊ जण म्हणजे बचावातले राखीव लाईनबॅकर, सेफ्टी आणि चढाईतले टाईट एंड, रिसीव्हर. आता स्टार्टर लाईनबॅकरचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी जो राखीव गेला तो पंटवर गार्ड होता, किकऑफवर धावत होता, दोन्ही रिटर्नमध्ये ब्लॉक करत होता. बचावात एक जागा भरली आणि स्पेशल टीम्समध्ये चार उघडी पडली. पुढचा पंट अडवला जातो तेव्हा समालोचक पंटरला सुस्त म्हणतो. खरी गोष्ट अशी असते की गार्डच्या जागी आलेला माणूस या आठवड्यात पहिल्यांदाच तिथे उभा होता. २०२४ पासूनच्या नव्या किकऑफमुळे रिटर्नही वाढले आहेत, म्हणजे ही उघडी जागा आता जास्त वेळा दिसते.

"चार्टवर प्रत्येक जागेला तीन नावं." पहिल्या प्रीसीझन सामन्याआधी निघणाऱ्या त्या चार्टवर 'अनधिकृत' असा शब्द छापलेला असतो, तो वाचला तरी अर्धं काम होतं. तो रकाने भरण्यासाठी काढलेला कागद आहे. बचावाच्या अकरा रकान्यांत बहुधा दोनच कॉर्नर (रिसीव्हरवर पहारा ठेवणारे) दिसतात, पण आज निम्म्याहून जास्त स्नॅपना (स्नॅप म्हणजे चेंडू मागे टाकून सुरू होणारा एकेक डाव) पाच डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टी मिळून पाच जण, मैदानात असतात. म्हणजे कागदावर राखीव दिसणारा तिसरा कॉर्नर प्रत्यक्षात रोजच्या कामावर आहे. तो गेला तर कडेच्या राखीव कॉर्नरला आत स्लॉटमध्ये (लाईन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत) आणून भागत नाही. कडेला साईडलाईन मदतीला असते. आत रिसीव्हर दोन्ही बाजूंना फुटू शकतो, शिवाय धावत्या खेळात गर्दीत शिरून चेंडूवाल्याला पाडावं लागतं.

पण चार्टची खरी फसवणूक होते ती ऑफेन्सिव्ह लाईनमध्ये. तिथे पाच रकाने, पाच राखीव नावं. सामन्याला मात्र आठच लाईनमन, म्हणजे पाच जागांना तीन राखीव. डाव्या-उजव्या टॅकलखाली दोन वेगळी नावं छापलेली असली तरी दोन्हीकडे पहिला जाणारा बहुधा एकच, स्विंग टॅकल. दुसऱ्या राखीवाला सेंटर आणि गार्ड दोन्ही जमावं लागतं. तिसरा जमेल तिथे.

इथे प्रश्न असा विचारायचा: एक माणूस गेला तर किती खुर्च्या हलतात? २०२० च्या हंगामातले कॅन्सस सिटी चीफ्स बघा. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर होता, त्याच्या जागी माईक रेमर्स खेळत होता. सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात डावा टॅकल एरिक फिशरचा अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध) तुटला. मग रेमर्सला उजवीकडून डावीकडे नेलं, अँड्र्यू वायलीला गार्डवरून उजव्या टॅकलला सरकवलं, वायलीच्या जागी स्टेफन विस्नेव्स्की आला. गेला एक, हलल्या तीन जागा. ७ फेब्रुवारी २०२१ ला टॅम्पा बेने ३१-९ ने हरवलं. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स त्या सामन्यात जितका खेळला त्याहून जास्त पळाला.

टॅकलची बाजू बदलणं ही किरकोळ गोष्ट नाही. डावीकडे डावा पाय मागे असतो, पास टाकणाऱ्याला वाचवताना पहिलं पाऊल त्याच पायाने मागे पडतं, उजवा हात आतल्या बाजूला असतो. उजवीकडे पाय, कंबर, हात सगळं उलटं. उजव्या हाताने जेवणाऱ्याला आजपासून डाव्याने जेव म्हणावं आणि समोर १२० किलोचा माणूस ताट ओढायला उभा करावा, तसं.

कॅम्पमध्ये हे तपासता येतं. वही घ्या आणि फक्त इलेव्हन-ऑन-इलेव्हनची नोंद करा. सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये लाईनच नसते. वन-ऑन-वनमध्ये पास रशरला (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याला) मोकळं मैदान मिळतं, शेजारी गार्ड नसतो, त्यामुळे लाईनमन हरताना जास्त दिसतात. तिथल्या क्लिपा बघून मत बनवू नये. अंगावर पूर्ण संरक्षक पॅड चढण्याआधीच्या दिवसांत तर लाईनबद्दल काहीच ठरवू नये. लीग आणि खेळाडू संघटना यांच्या सध्याच्या करारात अख्ख्या कॅम्पमध्ये पॅडचे सराव जास्तीत जास्त १६ आहेत, तेवढेच उपयोगाचे. प्रत्येक स्नॅपला चार गोष्टी लिहा: कोण, कोणत्या जागी, आपल्या कितव्या गटात, समोरच्या कितव्या गटाविरुद्ध. सगळ्यात मोलाचा दिवस म्हणजे एखाद्या अनुभवी टॅकलला विश्रांती दिलेली असते तो. त्या दिवशी दुसऱ्या गटातला माणूस थेट त्याच्या जागी आला आणि बाकी चौघे आपापल्या जागी राहिले तर जागेला राखीव आहे. गार्ड टॅकलला सरकला आणि गार्डला तिसराच आला तर कोचने स्वतःच सांगितलं की राखीव टॅकलवर त्याचा विश्वास नाही. मग चार्टवर काहीही छापलेलं असो.

सराव सुरू होण्याआधीची दहा मिनिटंही सोडू नका. सेंटरच्या जागी कोण कोण वाकून काही पावलं मागे उभ्या क्वार्टरबॅककडे हवेतून चेंडू (शॉटगन स्नॅप) टाकतंय ते मोजा. पहिल्या सेंटरखेरीज फक्त एकच असेल आणि त्याचे स्नॅप कधी गुडघ्याशी, कधी डोक्यावरून जात असतील, तर ऑक्टोबरमधला एक फम्बल (हातून निसटलेला चेंडू) आजच दिसतो आहे.

"प्रीसीझन जिंकतोय." यावर फार शब्द खर्चायला नकोत. २००८ मध्ये डेट्रॉइट लायन्सनी प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि हंगामात सोळापैकी सोळा हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्सनी हुबेहूब तेच केलं. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन सॅक घेणाऱ्या, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसकट दोनदा पाडणाऱ्या, डिफेन्सिव्ह एंडसमोर कोण उभा होता ते आधी बघा. पुढच्या आठवड्यात तो टॅकल नोकरी शोधत असेल तर त्या सॅकची किंमत तेवढीच.

"हजारभर खेळाडू मोकळे होतात." हिशोब बरोबर आहे: ३२ संघांतून प्रत्येकी ३७ म्हणजे १,१८४. पण चार हंगाम पूर्ण न झालेला खेळाडू आधी वेव्हरवर जातो, म्हणजे इतर संघांना त्याच्यावर दावा लावता येतो, आणि तिथे रांग असते, गेल्या हंगामातले दुबळे संघ पुढे. संघ जितका चांगला तितका नंबर मागे. दावा लागलाच तर तो खेळाडू लगेच ५३ मध्ये घ्यावा लागतो, म्हणजे कालच ठेवलेला एक आज काढायचा. २०२५ मध्ये कटडाउन २६ ऑगस्टला होता आणि पहिला सामना ४ सप्टेंबरला. नऊ दिवसांत नवी परिभाषा, नवे इशारे, नवा शेजारी.

बाहेरून माणूस मिळतो का, याचं उत्तर जागेवर अवलंबून असतं आणि ते बॉल्टिमोर रेव्हन्सच्या २०२१ च्या हंगामाइतकं स्वच्छ क्वचित दिसतं. २८ ऑगस्टला त्यांनी वॉशिंग्टनला ३७-३ ने हरवून सलग विसावा प्रीसीझन सामना जिंकला, जुना १९ चा विक्रम मोडला. त्याच सामन्यात रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जे. के. डॉबिन्सचा गुडघा गेला. मग सरावात जस्टिस हिलचा अकिलीस. ९ सप्टेंबरला एकाच सरावात गस एडवर्ड्स आणि कॉर्नर मार्कस पीटर्स, दोघांचे गुडघे. पंधरा दिवसांत तीन रनिंग बॅक गेले. त्यांनी लटेव्हियस मरे, डेव्हॉन्टा फ्रीमन यांना बाहेरून आणलं आणि धावण्याचा खेळ, अर्थात क्वार्टरबॅक लमार जॅक्सनच्या पायांच्या जोरावर, चालू राहिला. रनिंग बॅक बाजारात मिळतो. पण डावा टॅकल रॉनी स्टॅन्ली एका सामन्यानंतर गेला तेव्हा अलेहांद्रो व्हियानुएव्हाला उजवीकडून डावीकडे न्यावं लागलं आणि उजवीकडे पॅट्रिक मेकारी आला. पुन्हा तेच खुर्च्यांचं सरकणं. पीटर्सशिवायच्या, पुढे आणखी माणसं गमावलेल्या बचावाने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक पासिंग यार्ड दिले. ८-३ वर असलेला संघ शेवटचे सहाही सामने हरून ८-९ वर थांबला. जॅक्सनचा घोटाही डिसेंबरमध्ये दुखावला, हे खरं. पण टॅकल आणि कॉर्नर सप्टेंबरच्या बाजारात मिळत नाहीत, हेही तितकंच खरं.

राहता राहिले फिलाडेल्फिया ईगल्स. २०१७ च्या हंगामात राखीव क्वार्टरबॅक निक फोल्सने सुपर बोलमध्ये पॅट्रियट्सना ४१-३३ ने हरवलं ते खरं, पण फोल्स हा नव्वदातला नव्वदावा नव्हता. याच संघासाठी २०१३ मध्ये त्याने २७ टचडाऊन पास दिले होते आणि फक्त दोन इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने पकडलेले पास), आणि २०१७ मध्ये त्याला राखीव म्हणून मुद्दाम परत आणलं होतं. डावा टॅकल जेसन पीटर्स ऑक्टोबरमध्ये गेल्यावर आलेला हालापुलिवाती वायटाई आदल्या वर्षी लेन जॉन्सनच्या निलंबनाच्या काळात उजवीकडे खेळून तयार झाला होता. 'नेक्स्ट मॅन' कोण हे त्यांनी आधीच ठरवून, पैसे मोजून, मैदानात उतरवून ठेवलं होतं.

उलट बाजू २९ जानेवारी २०२३ च्या, सुपर बोलच्या आधीच्या सामन्याची. सॅन फ्रान्सिस्कोने कॅम्पनंतर तीन क्वार्टरबॅक ठेवले होते. ट्रे लान्स दुसऱ्याच आठवड्यात, जिमी गरोपोलो डिसेंबरमध्ये गेला, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी जिंकत राहिला. फिलाडेल्फियातल्या त्या सामन्यात पर्डीचं कोपर पहिल्याच चढाईत गेलं, डिसेंबरमध्ये आणलेल्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला, आणि लांब पास टाकता न येणाऱ्या पर्डीलाच परत उतरावं लागलं. सॅन फ्रान्सिस्को ७-३१ ने हरलं. त्यानंतर लीगने २०२३ पासून आणीबाणीच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकला ४८ च्या बाहेर जागा दिली. पहिले दोघे खेळण्याच्या स्थितीत नसतील तरच तो उतरू शकतो, खराब खेळले म्हणून नाही. कॅम्पमध्ये या तिसऱ्याच्या वाट्याला इलेव्हन-ऑन-इलेव्हनचे स्नॅप बोटांवर मोजण्याइतके येतात. वहीत तेही लिहा, आणि ते स्नॅप त्याच्याकडे कोणता सेंटर टाकत होता तेही.