मॉरीने बायबल वाचून प्रवाह शोधले? अहो, लॉगबुकं वाचून!

तो फॉरवर्ड परत फिरतोय. अमेरिकन नेव्हीतला मॅथ्यू फाँटेन मॉरी आजारी होता, मुलगा बायबल वाचून दाखवत होता, आठव्या स्तोत्रात समुद्रातल्या वाटांचा उल्लेख आला, आणि हा म्हणाला देवाने सांगितलंय म्हणजे वाटा असणारच, बरा झाला आणि सागरी प्रवाह शोधून काढले. वर शेपूट, की एवढ्या थोर माणसाचा पुतळा काढला, का तर तो आपल्या राज्याच्या बाजूने उभा राहिला.

पहिलं म्हणजे प्रवाह त्याने शोधलेच नाहीत. गल्फ स्ट्रीम, म्हणजे अटलांटिकमधला मोठा सागरी प्रवाह, स्पॅनिश खलाशांना १५१३ पासून माहीत होता, बेंजामिन फ्रँकलिनने व्हेल पकडणाऱ्या कप्तानाला विचारून त्याचा नकाशाही छापला होता, आणि बंगालचे नकाशे काढणारा तो जेम्स रेनेल, त्याचं अटलांटिकच्या प्रवाहांवरचं पुस्तक १८३२ चं.

मग मॉरीने केलं काय? तर कारकुनी, आणि मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं. १८३९ मध्ये ओहायोत घोडागाडी उलटून पाय मोडला, जहाजावरची नोकरी संपली, १८४२ ला वॉशिंग्टनला नेव्हीच्या नकाशांच्या डेपोवर बसवला. तिथे जुन्या लॉगबुकांचे, म्हणजे जहाजांच्या रोजनिशींचे, ढीग धूळ खात पडलेले. यातून कुठल्या महिन्यात कुठे कसला वारा, किती प्रवाह, हे याने वेचून काढायला लावलं आणि १८४७ पासून नकाशे छापले, कप्तानांना फुकट द्यायचे पण अट एकच, तुमच्या सफरीची माहिती फॉर्मवर भरून आम्हाला पाठवा! बाल्टिमोरहून रिओला एरवी ५५ दिवस लागायचे, १८४८ ला एक जहाज हे नकाशे घेऊन ३८ दिवसांत पोचलं. माणूस भाविक होता, पुस्तकात बायबलचे दाखले भरपूर आहेत, ते कोण नाकारतंय, पण हे १७ दिवस वाचले ते लॉगबुकांमुळे. उत्तर ध्रुवाजवळ बर्फ नसलेला मोकळा समुद्र आहे हे त्याचं लाडकं मत होतं, ते साफ चुकलं.

आता "फक्त राज्यासाठी" वालं. १८६१ ला अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूला गेलेल्या आपल्या व्हर्जिनिया राज्यासाठी याने नेव्हीचा राजीनामा दिला हे खरं. पण त्याच्या दहा वर्षं आधीच याचा प्लॅन होता की दक्षिणेतले गुलाम ॲमेझॉनच्या खोऱ्यात न्यायचे, आणि मेव्हण्याची १८५१ ची ॲमेझॉन मोहीम निघाली तेव्हा हाच विचार डोक्यात होता. दक्षिण युद्ध हरल्यावर मेक्सिकोत मॅक्सिमिलियन बादशहाकडे जाऊन दक्षिणेतल्या लोकांची वसाहत वसवायला निघाला, तेव्हा कुठे गेलं होतं राज्यप्रेम?

व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड, तिथला पुतळा २०२० ला काढला, नेव्हल ॲकॅडमीतल्या मॉरी हॉलचं २०२३ मध्ये कार्टर हॉल झालं. त्याला माझी हरकत नाही. अमेरिकेच्या पायलट चार्टवर, म्हणजे वारे-प्रवाह दाखवणाऱ्या खलाशांच्या नकाशांवर मात्र, हे लेफ्टनंट मॉरीच्या संशोधनावर आधारलेलं आहे अशी ओळ छापत आले, आणि त्या ओळीत बायबल नाहीये.