पाच रकाने दिलेत, ते वापरा

जून 2025. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, चालू आहे. मतपत्रिकेवर पाच जणांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. आज संध्याकाळी लिफ्टमध्ये आमच्या इमारतीतल्या काकू भेटल्या. कुडत्यावर मतदान केल्याचा स्टिकर. "आले बाई उरकून," म्हणाल्या, आणि पर्समधून सॅम्पल बॅलटची, म्हणजे नमुना मतपत्रिकेची, घडी काढून दाखवली. महापौरपदाची अकरा नावं, त्यातल्या तिघांपुढे पेन्सिलीने बारीक खुणा. महिनाभर त्यांचं त्या तिघांत ठरत नव्हतं. आणि भरलं काय? एकच नाव! बाकीचे चार रकाने कोरे. का, तर फॅमिली ग्रुपवर कुणीतरी पाठवलं होतं की दुसरं नाव भरलं तर पहिल्याचं मत कमी होतं.

खोटं आहे हे. साफ खोटं. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार शर्यतीत असेपर्यंत तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे कुणी बघतसुद्धा नाही. तो बाद झाला, तरच तुमचं मत पुढच्या नावाकडे जातं. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर दर फेरीत सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढे सरकतात. पुढे नाव नसेल तर ते मत तिथेच संपतं.

2021 आठवा. डेमोक्रॅटिक प्रायमरीत तेरा उमेदवार होते, मोजणी आठ फेऱ्या चालली. पहिल्या फेरीत माया वायली दुसऱ्या आणि कॅथरिन गार्सिया तिसऱ्या होत्या. अँड्र्यू यांग बाद झाल्यावर त्यांची मतं वाटली गेली तेव्हा गार्सिया वायलींच्या पुढे गेल्या. शेवटी एरिक अॅडम्स जिंकले ते 7,197 मतांनी. आणि त्या शेवटच्या फेरीपर्यंत संपलेली मतपत्रं होती सुमारे 1 लाख 40 हजार! फरकाच्या जवळजवळ वीसपट. लोक रांगेत उभे राहिले, मत दिलं, आणि शेवटच्या दोघांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांचं मत मोजणीत नव्हतंच. काकूंचे ते चार कोरे रकाने डोळ्यांसमोरून जात नाहीत ते यामुळे.

एक मान्य. पहिला सोडून बाकी कुणीही जिंकलं तरी तुम्हाला खरंच सारखंच वाटत असेल, तर एकच नाव भरा. पण काकूंना सारखं वाटत नव्हतं. तीन खुणा होत्या!

ज्यांचं अजून ठरलं नाही त्यांना सांगते, खाली मान घालू नका. ही पद्धत तुमच्यासाठीच आहे. एकच नाव ठरवायचा अट्टहास सोडा. आधी उलटं करा. कुणीही चालेल पण हा नको, अशी नावं सॅम्पल बॅलटवर खोडा. त्यांना पाचवा क्रमांकही देऊ नका, रकाना भरायचा म्हणून तर नाहीच. उरलेल्यांना मग क्रम लावा. आणि एक गोष्ट नक्की बघा. जून 2025 च्या जनमत चाचण्यांत अँड्र्यू कुओमो आणि झोहरान ममदानी हे दोघं उमेदवार पुढे होते. त्या दोघांतला एक तुम्हाला थोडा जरी बरा वाटत असेल तर त्याचं नाव पाचांत कुठेतरी असू द्या, पाचवं का असेना. म्हणजे शेवटी तेच दोघं उरले तरी तुमचं मत मोजलं जाईल.

क्रम लावताना प्रत्येक आश्वासनाला एकच प्रश्न विचारा: हे महापौराच्या हातात आहे का? भाडेवाढ ठरवणाऱ्या रेंट गाइडलाइन्स बोर्डाचे नऊच्या नऊ सदस्य महापौर नेमतो, त्यामुळे रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा असलेल्या, घरांच्या भाड्यावर त्याचा थेट वचक असतो. शाळा, पोलीस, कचरा, (2025 मध्ये) सुमारे 115 अब्ज डॉलरचा अर्थसंकल्प, हेही त्याच्याकडे. पण बस आणि सबवे एमटीए या वाहतूक संस्थेच्या, म्हणजे राज्याच्या. बस फुकट करायची किंवा आयकर वाढवायचा तर अल्बनीशिवाय, म्हणजे तिथल्या राज्य सरकारशिवाय, होत नाही. म्हणून आश्वासन वाईट ठरत नाही, पण अल्बनीला कसं पटवणार हे त्या उमेदवाराने सांगितलं पाहिजे. 4 आणि 12 जूनला झालेल्या उमेदवारांच्या वादचर्चा याच कानाने ऐका. शहराच्या कॅम्पेन फायनान्स बोर्डाची उमेदवारांची माहिती देणारी पुस्तिका घरी आली असेल, ती कृपा करून रद्दीत टाकू नका.

आता भरताना. प्रत्येक नावाची एक आडवी ओळ, पसंतीचे रकाने उभे. एका रकान्यात एकच लंबगोल भरा. एकाच रकान्यात दोघांना भरलंत तर तो क्रमांक आणि त्यापुढचे सगळे बाद, आधीचे तेवढे टिकतात. एकाच उमेदवाराला पाचही रकान्यांत भरून त्याचं मत पाचपट होत नाही, एकदाच धरतात, आणि चार जागा फुकट जातात. मधला रकाना चुकून सुटला तर पुढचं नाव वर सरकतं, घाबरू नका. चूक झाली तर स्कॅनरमध्ये घालायच्या आधी नवी मतपत्रिका मागा, देतात. नावांची चिठ्ठी सोबत नेता येते.

अॅडम्स आडनावाचा गोंधळ करू नका. यादीत आहेत त्या एड्रियन अॅडम्स, 2025 मध्ये सिटी कौन्सिलच्या, म्हणजे शहराच्या विधिमंडळाच्या, स्पीकर असलेल्या. जून 2025 मध्ये महापौर असलेले एरिक अॅडम्स या प्रायमरीत नाहीतच, त्यांनी नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीला अपक्ष उभं राहायचं जाहीर केलं होतं. आणि यादीतल्या ब्रॅड लँडर आणि ममदानींनी एकमेकांना पाठिंबा दिला किंवा जेसिका रामोस यांनी कुओमोंना दिला म्हणून मतं आपोआप तिकडे जात नाहीत. जी नावं तुम्ही भरलीत तीच मोजली जातात. रामोस यांचं नाव अजून बॅलटवर आहेच.

ज्यांची नोंदणी डेमोक्रॅट म्हणून नाही त्यांना यात मत नाही, आणि पक्ष बदलायची मुदत 14 फेब्रुवारी 2025 लाच संपली. दर वेळी आपली किती माणसं यात अडकतात! चिडून आता उपयोग नाही, पुढच्या वेळेसाठी फॉर्म आत्ताच भरून टाका.

अर्ली व्होटिंग (मुख्य दिवसाआधीचं मतदान) रविवार 22 जूनपर्यंत, मुख्य मतदान मंगळवार 24 जून 2025, सकाळी 6 ते रात्री 9. दोन्हींची केंद्रं वेगळी असू शकतात, पत्ता घालून बघून घ्या. त्या रात्री फक्त पहिल्या पसंतीचे आकडे येतील. फेऱ्यांचा निकाल आठवड्याने. मधल्या काळात "घोटाळा झाला" असे फॉरवर्ड फिरवू नका.

काकूंना मी हे सगळं लिफ्टबाहेर उभं राहून सांगितलं. रागावल्या नाहीत, नुसत्या गप्प झाल्या, आणि मलाच वाईट वाटलं. त्यांच्या सुनेचं मतदान शनिवारी आहे. वर गेल्यावर त्यांनी तो घडीचा कागद तिच्या हातात दिला म्हणे, तिन्ही खुणांसकट.