वरण बंद, चीज स्लाइस चालू!

तुमच्या लेखात, रक्तातलं फॉस्फरस वाढू नये म्हणून किडनीच्या पेशंटने डाळ, दूध, शेंगदाणे बेताने खावेत असं सांगितलंय. ठीक आहे, पण पाकिटातल्या खाण्यात वरून घातलेल्या फॉस्फेटवर (म्हणजे फॉस्फरसच्या क्षारांवर) फक्त एक ओळ? आमचं घर नेमकं तिथेच फसलं.

बाबांचं धंतोलीत आठवड्यातून तीनदा डायलिसिस. रिपोर्टमध्ये फॉस्फरस सातच्या खाली येईना. त्याने खाज इतकी, की रात्री उठून कंगव्याने पाठ खाजवायचे. आईने वरण पातळ केलं, पोह्यांवरची चण्याची तर्रीसुद्धा बंद केली (नागपूरच्या माणसाला ही शिक्षाच). शेवटी डायटिशियनने विचारलं, "काका, पाकिटातलं काय खाता?" तेव्हा निघालं: डायलिसिसहून येताना काळं कोल्ड्रिंक, संध्याकाळी नातवासोबत चीज स्लाइस.

स्लाइसचं पाकीट चष्मा लावून वाचलं. बारीक अक्षरात ३३९, ४५२, म्हणजे वरून घातलेल्या पदार्थांचे कोड नंबर. दोन्ही फॉस्फेटच. कोल्ड्रिंकवर ३३८, म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड. डाळीतलं फॉस्फरस बरंचसं फायटेट नावाच्या, नीट न पचणाऱ्या रूपात अडकलेलं असतं, त्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं. हे वरून घातलेलं मात्र जवळजवळ सगळं रक्तात जातं. आणि किती मिलिग्रॅम घातलंय ते पाकिटावर कुठेच नाही!

३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२, हे आकडे आईने फ्रिजवर चिकटवलेत. बाइंडरची (जेवणातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी) गोळीही आता जेवणासोबतच देते, आधी बाबा ती तासाभराने घ्यायचे. मागच्या महिन्यात फॉस्फरस ५.६ आलं. तर्री मात्र अजून मिळत नाही, म्हणून बाबा रुसलेत.