तुझं मत कुठंय?

माझी पुतणी नर्स आहे, तिला कामासाठी जर्मनीला जायचंय. जर्मन भाषेच्या बी-२ पातळीच्या परीक्षेत ती दुसऱ्यांदा अडकली. वाचन सुटलं, ऐकणं सुटलं, बोलण्यात तर ऐंशीच्या वर मार्क. लेखनात मात्र चार कमी पडले. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेची ही परीक्षा चार भागांची, प्रत्येक भागात शंभरात साठ लागतात. राहिला तो भाग तेवढाच पुन्हा देता येतो, एवढी मेहेरबानी आहे.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निकाल पडला आणि मामा-मावश्या सुटल्या. "गोऱ्यांचा कावा आहे, माणसं पाहिजेत पण घ्यायची नाहीत." "सलाईन लावायला निबंध कशाला लागतोय?" मी दोन दिवस गप्प होतो. आता लिहितो, कारण सांगलीतल्या एका हायस्कुलात मी २६ वर्षं मराठी शिकवतोय आणि त्या चार मार्कांत माझाही वाटा आहे, असं मला वाटायला लागलंय.

आधी तिच्या वडिलांचं सांगतो. आमचं मूळ गाव विट्याच्या बाजूचं, गलाईवाल्यांच्या पट्ट्यातलं. खानापूर-आटपाडीला पावसानं कायम पाठ दाखवली, म्हणून इथली पोरं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. आमचे आण्णा सोळाव्या वर्षी कोइमतूरला गेले, एका गाववाल्याच्या दुकानात भट्टी पेटवायला. तमिळचं अक्षर येत नव्हतं. सहा महिन्यांत शिव्या आल्या, वर्षात हिशेब आला. आज तिथल्या सराफाशी ते असे भांडतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गडी मदुराईचाच. लिहिता मात्र अजून येत नाही. त्यांची परीक्षा कुणी घेतली नाही आणि त्याची गरजही नव्हती. टंच, म्हणजे सोन्याचा कस, चुकला तर गिऱ्हाईक तुटतं, माणूस मरत नाही.

म्हणूनच "आण्णांनी कुठं परीक्षा दिली होती?" हा घरातला मुद्दा मला पटत नाही. आमच्या तासगाव भागात बेदाण्याच्या शेडवर बिहार-उत्तर प्रदेशची पोरं येतात, त्यांनाही कुणी मराठीचा पेपर देत नाही, द्यायचं कारणही नाही. नर्सचं तसं नाही.

पुतणी मिरजेत नर्सिंग शिकली, तीन वर्षं आयसीयूत काढली. मिरजेला दवाखान्यांसाठी निम्मा उत्तर कर्नाटक येतो. अथणीची एक आजी एकदा रात्रभर काहीतरी पुटपुटत होती. ड्यूटीवरच्या नव्या मुलीला वाटलं पाणी मागतेय, तिनं बिचारीनं दोनदा पाणी पाजलं. सकाळी पुतणी आली, नेहमीप्रमाणे कानडीत "ऊटा आतेन्री?", जेवण झालं का, म्हणून जवळ बसली, तेव्हा कळलं की आजी हात बधिर झालाय म्हणून सांगत होती. निभावलं ते, पण थोडक्यात. आता ही आजी जर्मन आहे आणि नर्स आमची आहे असं धरा. शिवाय जर्मनीत दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. २,५ मिलिग्रॅम म्हणजे अडीच. हे ज्याच्या अंगवळणी पडलेलं नाही, त्याच्या हातात मी तरी सिरिंज देणार नाही.

तेव्हा परीक्षा हवी, हे माझं मत. आणि एक सांगू का, बँकेतला मॅनेजर मराठी बोलत नाही म्हणून व्हिडिओ फिरवणारे आणि जर्मनांना शिव्या घालणारे आमच्या ग्रुपवर तेच ते आहेत. २०१६ साली आपल्याच सरकारनं रिक्षाच्या परवान्याला मराठीची अट घातली, तेव्हा याच मंडळींनी टाळ्या वाजवल्या होत्या. २०१७ ला उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, तेव्हा हीच मंडळी हळहळली.

कावा कसा असतो तेही माहीत असावं. ऑस्ट्रेलियानं १९०१ साली कायदा केला. बंदरावर उतरलेल्या माणसाला अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा ऐकून लिहायला घालणार, आणि तो कुठल्याही युरोपीय भाषेत. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. एगॉन किश नावाच्या पत्रकाराला १९३४ मध्ये असंच अडवलं. गड्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये उतारा घातला! तो कोर्टात गेला आणि जिंकला. तरी ही पद्धत १९५८ पर्यंत टिकली. गोऱ्या नसलेल्या, किंवा किशसारख्या सरकारला नको असलेल्या माणसाला बाहेर ठेवणं एवढाच तिचा धंदा होता. गोएथेचं तसं नाही. कुठल्या प्रकारचे प्रश्न येणार हे आधीच माहीत असतं, नमुना पेपर फुकट मिळतात.

मग पोरगी अडकली कुठं?

लेखनाला ७५ मिनिटं, दोन प्रश्न. एकात कुठल्यातरी रोजच्या विषयावर साधारण दीडशे शब्दांत आपलं मत मांडायचं, कारणं द्यायची. दुसऱ्यात शंभरेक शब्दांचा औपचारिक निरोप. निरोप तिला जमतो. सरावाच्या वहीत पहिल्या प्रश्नाला विषय होता, म्हाताऱ्या माणसांनी मुलांकडे राहावं की स्वतंत्र. तिनं काय लिहिलं होतं? म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. वृद्ध हे घराचा आधारवड. नाण्याला दोन बाजू असतात. सगळं शुद्ध जर्मनमध्ये, विभक्तीची चूक नाही. खाली मास्तरांनी लाल पेनानं एकच ओळ लिहिली होती: "तुझं मत कुठंय?"

ती ओळ वाचून मीच खजील झालो. हा निबंध माझा होता. "सुरुवातीला सुविचार घाला, मध्ये दोन्ही बाजू लिहा, शेवटी आशावादी व्हा, आठ मार्क कुठं जात नाहीत" हे मीच हजारो पोरांना सांगितलंय. मोबाइल शाप की वरदान, सूर्य उगवला नाही तर. कुठल्याही पोराला मी कधी विचारलं नाही की बाबा, तुला खरंच काय वाटतं. उत्तर आलं असतं तर तपासलं कसं असतं, हाही प्रश्नच. पुतणी माझ्याच वर्गात होती, नववी-दहावीला. निबंधात पहिली.

वाईट याचं वाटतं की बाकीची जर्मन आपल्या पोरांना अवघड जायचं कारण नाही. तो, ती, ते आपल्याकडेही आहे. इंग्रजीवाले तीन लिंगं बघून रडतात, आपण बारशापासून वापरतो. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, दास मेडशन, म्हणून क्लासमध्ये हसतात म्हणे. आपण "ते पोरगं" म्हणतो त्याचं काय? पंचवीसला ते पाच-आणि-वीस म्हणतात, आपलाही पाच आधी येतो. "वाइल इश क्रांक बिन", कारण मी आजारी आहे. क्रियापद शेवटी, जसंच्या तसं! पण क्लास चालतात इंग्रजीतून. विट्याच्या पोरीनं आधी डोक्यात इंग्रजी करायची, मग त्याची जर्मन. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार माणसं पाठवायची म्हणून. त्यात मराठीतून जर्मन शिकवायचं एक बरं पुस्तक जरी निघालं असतं तरी पोरांचे सहा महिने वाचले असते.

एजंटांबद्दल थोडक्यातच. "तीन लाख द्या, सर्टिफिकेटचं आम्ही बघतो" म्हणणारा आमच्याकडेही येऊन गेला. आण्णांनी फोनवरून त्याला तमिळमध्ये वाटेला लावलं.

नर्सला असलं मत लिहायला लावणं बरोबर आहे का, यावर माझं आणि पुतणीचं जमत नाही. माझं म्हणणं, कामाची भाषा तपासा. इंग्रजीतल्या ओईटी परीक्षेत नर्सला पेशंटविषयीचं पत्र लिहायला लावतात, पेशंटशी बोलून दाखवायला लावतात. जपानला काळजीवाहक म्हणून जायचं तर साध्या जपानीखेरीज शुश्रूषेच्या जपानीचा वेगळा पेपर असतो. जर्मनमध्येही टेल्क नावाच्या दुसऱ्या संस्थेची खास नर्सिंगची परीक्षा आहेच. म्हातारे कुठं राहतात याच्याशी हिला काय करायचंय?

ती म्हणाली, "काका, इथं डॉक्टरांनी चुकीचा डोस लिहिला तरी आम्ही 'सर, एकदा बघता का' एवढंच म्हणतो, तेपण मान खाली घालून. तिथं सिस्टरनं 'मला हे बरोबर वाटत नाही, कारण असं असं' म्हणायचं असतं. ते वाक्य मला मराठीतच येत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग एक उपाय केला. रोज रात्री जेवणानंतर ती आधी मराठीत लिहिते, सुविचाराला बंदी. पहिला विषय मीच दिला: आयसीयूत रात्री नातेवाइकांना बसू द्यावं का? तिनं अकरा मिनिटांत दीड पान लिहिलं. इतकं चिडून, इतकं मुद्देसूद, की नववीला असं लिहिलं असतं तर मी "विषयाला सोडून" म्हणून तीन मार्क कापले असते. मग त्याची जर्मन केली. ती ओबडधोबड आहे, पण तिची आहे.

पेपर पुण्याला, पुढच्या महिन्यात. आदल्या दिवशी कोयना एक्सप्रेसनं निघू, मीही सोबत जातोय. काल आण्णांचा फोन आला होता. सगळं ऐकून घेतलं, मग जरा थांबून विचारलं, "त्या पेपरात तमिळ नाही का रं चालत?"